गिनती बरोबर : पहारेकऱ्याच्या दिवसाचं साहित्य

मराठी वाचकाला तुरुंग नवा नाही. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिलं गेलं, 'श्यामची आई' नाशिकच्या. विनोबांनी 'गीता प्रवचने' 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'चा तर विषयच तुरुंग आहे. थोडीफार पुस्तकं असलेल्या मराठी घरात यांतलं एखादं तरी सापडतं. आपल्या मनातलं तुरुंगाचं चित्र या पुस्तकांनी घडवलं आहे, आणि ते कोठडीच्या आतून बाहेर पाहणाऱ्याचं आहे. गजांच्या पलीकडे किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला माणूस त्यात दिसतो, पण बोलत नाही. बोललाच तर हुकूम सोडतो.

धुळ्याच्या त्या रविवारांचाच विचार करा. राजकीय कैदी एकत्र बसून गीतेवरचं प्रवचन ऐकतात. म्हणजे त्याआधी कोणीतरी कुलपं काढली असणार, माणसं मोजून बाहेर आणली असणार, आणि प्रवचन संपल्यावर पुन्हा मोजून आत घातली असणार. हा 'कोणीतरी' आपल्या तुरुंगवाङ्मयात कुठेच उभा राहत नाही. गेली काही वर्षं मी त्याला शोधत वाचतो आहे. या शोधात हाती आलेली दोन पुस्तकं, एक चित्रपट आणि एक वेबमालिका यांच्याबद्दल इथे लिहायचं आहे. सावरकरांचं पुस्तकही मध्येच पुन्हा उघडावं लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पहारेकऱ्याने आपलं काम चोख केलं, तर त्या दिवशी तुरुंगात काहीही घडत नाही. गोष्टीला मात्र काहीतरी घडावं लागतं. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिणारे आणि खुद्द तो लिहितो तेव्हा तोही, जे क्वचित घडतं तेच उचलतात: फाशी, पलायन, दंगल, कैद्याचं हृदयपरिवर्तन. मधले हजारो दिवस गळून पडतात. पण तुरुंग माणसाळलेला आहे की क्रूर, हे त्या गळून पडलेल्या दिवसांतच ठरत असतं. म्हणून मला हा प्रश्न केवळ साहित्याचा वाटत नाही.

*

माझ्या मावशीचे यजमान कारागृह शिपाई होते. जेल लाइनमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही सुट्टीला जायचो. काकांनी तुरुंगातली एकही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही. आम्ही मुलं दरोडेखोरांबद्दल, खुन्यांबद्दल विचारायचो. ते म्हणायचे, "काही नाही रे. बंदी झाली, गिनती बरोबर आली, घरी आलो." बंदी म्हणजे संध्याकाळी कैद्यांना बराकीत घालून टाळं लावणं. गिनती म्हणजे मोजणी. पहाटे टाळं उघडताना गिनती, दुपारी गिनती, संध्याकाळी पुन्हा गिनती. न्यायालयात गेलेले किती, दवाखान्यात किती, आज सुटले किती, नव्याने आले किती, हे सगळं धरून आकडा जुळला पाहिजे. जुळेपर्यंत ड्युटी संपत नाही. एकदा आकडा एकाने कमी आला आणि काका रात्री उशिरा घरी आले, एवढं मावशी सांगायची. तो एक जण कुठे होता, ते तिलाही माहीत नव्हतं.

काका काहीतरी लपवत होते, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरंच तेवढंच होतं आणि ते पूर्ण होतं. शेतकरी पीक दाखवू शकतो, सुतार खुर्ची दाखवू शकतो. पहारेकऱ्याच्या कामातून उरतो तो फक्त कालच्यासारखाच असलेला आज.

आणि हा माणूस स्वतःही बांधलेलाच असतो. देशातल्या तुरुंगांचा कारभार ज्याच्या पायावर उभा राहिला, तो 1894 चा तुरुंग कायदा कैद्यांइतकाच कर्मचाऱ्यांनाही जखडतो. जेलरने तुरुंगातच राहायचं, दुसरीकडे राहायचं तर अधीक्षकांची लेखी परवानगी हवी. लेखी परवानगीशिवाय एक रात्रही बाहेर काढायची नाही. अगदी अपरिहार्य कारणाने काढावी लागलीच, तर लगेच जाऊन कारण कळवायचं. हाताखालच्या लोकांनीही रजेशिवाय जागा सोडायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली ही कलमं वाचताना मला ती एखाद्या कादंबरीचा आराखडा वाटली. कुलूप लावणाऱ्यालाच कुलपाने बांधलेलं आहे. पण ही कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही.

*

मराठी मनात 'जेलर' म्हटलं की पहिला उभा राहतो तो बारी. 'माझी जन्मठेप'मधला हा आयरिश जेलर फार जिवंत उतरला आहे: बोलघेवडा, आढ्यताखोर, स्वतःला पोर्ट ब्लेअरचा देव मानणारा. सावरकरांच्या गद्याची ताकद बारीच्या प्रसंगांत चांगलीच जाणवते, कारण तिथे दोन बोलणाऱ्या माणसांची जुगलबंदी चालते. पण त्याच पुस्तकात आणखी एक थर आहे, आणि वाचक तो भरभर ओलांडून जातो. सेल्युलर जेलमध्ये कैद्याच्या दारात दिवसभर बारी उभा नसायचा. तिथे असायचे जमादार, टिंडाल, पेटी ऑफिसर. तेलाचं माप पुरं झालं का, कोण कोणाशी बोललं, कोण शौचाला किती वेळ बसलं, हे पाहणारे हे लोक स्वतः कैदीच होते. शिक्षेची काही वर्षं काढलेल्या, वरिष्ठांची मर्जी सांभाळणाऱ्या कैद्याला पट्टा मिळायचा आणि तो दुसऱ्या कैद्यावर नेमला जायचा. 1894 च्या कायद्यात अशा कैदी-अधिकाऱ्यांना लोकसेवकाचा दर्जा देणारं कलमच आहे.

सावरकरांनी या लोकांना खलपात्रं म्हणून रंगवलं आहे. सोसणाऱ्याच्या जागेवरून ते तसेच दिसणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजच्या वाचकाने तिथे थांबून पाहावं. उद्या पट्टा काढून घेतला तर पुन्हा कोलूला जुंपला जाणारा माणूस दुसऱ्याच्या तेलाचं माप घेतो आहे. त्याच्या क्रूरपणात भीतीचा वाटा किती, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही, आणि आपण वाचकांनीही विचारलेला नाही. बारी आपल्याला पुरेसा झाला. एक ठसठशीत खलनायक मिळाला की यंत्रणेचे बारीक दाते दिसेनासे होतात.

खलनायकाच्या उलट टोकाला संत असतो. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मधला आदिनाथ तसा आहे. पटकथा ग. दि. माडगूळकरांची आणि प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची, म्हणजे बीज आपल्याच मातीतलं. सहा खुनी कैद्यांना घेऊन हा तुरुंगाधिकारी एका उजाड जागी जातो, त्यांच्याकडून शेत पिकवून घेतो आणि शेवटी त्यांच्यासाठी जीव देतो. बर्लिनला या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. आजही तो पाहताना गळा दाटतो, माझाही दाटतो. पण एकदा गळा दाटून झाला की शीर्षकाकडे पाहावं. बारा हात राबणाऱ्यांचे, दोन डोळे पाहणाऱ्याचे. बेड्या काढल्या, भिंत काढली, कुलूप काढलं, पण नजर ठेवली. कैद्यांचे पाय पळण्यासाठी उचलतात आणि ते डोळे त्यांना मागे खेचतात. शांतारामांनी पाळतीचं रूपांतर मायेत केलं. पडद्यावर ते विलक्षण दिसतं.

माझी अडचण अशी की आदिनाथ कधी थकत नाही. सहा कैदी आणि एक अधिकारी हे प्रमाण खऱ्या तुरुंगात स्वप्नातलंच. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांहून जास्त माणसं होती आणि जागा होती सुमारे 4 लाख 36 हजारांची. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपायचा असलेले. उलट कर्मचाऱ्यांच्या मंजूर जागांपैकी पाव भागाहून जास्त रिकाम्या. अशा ठिकाणी एका माणसाच्या डोळ्यांत सगळ्यांना पुरेल एवढी माया कुठून येणार? चित्रपट संताचा मार्ग दाखवतो. जो संत नाही आणि ज्याची उद्या सकाळी पुन्हा ड्युटी आहे, त्याचं काय करायचं, हे सांगत नाही. पण तुरुंग चालतो त्याच माणसावर.

*

खलनायक आणि संत बाजूला ठेवून पहारेकरी स्वतः बोलू लागला तर काय होतं? 2019 मध्ये आलेलं 'ब्लॅक वॉरंट' हे पुस्तक त्याचं उदाहरण आहे. सुनील गुप्ता 1981 साली तिहारमध्ये रुजू झाले, 2016 मध्ये निवृत्त झाले. पत्रकार सुनेत्रा चौधरी यांच्यासोबत त्यांनी इंग्रजीत हे अनुभव लिहिले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आठ फाशा पाहिल्या. 1982 साली रंगा आणि बिल्ला, 1984 साली मकबूल भट, 1989 साली सतवंत सिंग आणि केहर सिंग, 2013 साली अफजल गुरू, आणि मध्ये दोन असे ज्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. पुस्तकाचा कणा या फाशांचा आहे. शीर्षकही तिथूनच आलं: ब्लॅक वॉरंट म्हणजे फाशीचा हुकूमनामा.

पुस्तक प्रामाणिक आहे. फाशी देऊन झाल्यावरही रंगाची नाडी चालू होती, हे सांगायला ते कचरत नाही. अफजल गुरूसोबत शेवटच्या सकाळी घेतलेला चहा आणि त्याने म्हटलेलं जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं, हा भाग वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं. तरीही पस्तीस वर्षांत आठ सकाळी म्हणजे किती? उरलेल्या बारा हजारांहून जास्त दिवसांचं काय? ते पुस्तकात येतात, पण जाता जाता. मला वाटतं, पुस्तकाचा खरा ऐवज या जाता जाता आलेल्या वाक्यांतच आहे.

एक उदाहरण घेऊ. गुप्ता पहिल्याच दिवशी रुजू व्हायला जातात तेव्हा वरिष्ठ त्यांना जागाच नाही म्हणून वाटेला लावतात. तेवढ्यात सुटाबुटातला एक रुबाबदार माणूस येतो, चौकशी करतो, आत जातो आणि त्यांचं रुजू होण्याचं पत्र घेऊन बाहेर येतो. तो माणूस म्हणजे चार्ल्स शोभराज, कैदी. पुस्तकात हा किस्सा शोभराजच्या मोहिनीचा म्हणून येतो आणि वाचकही तसाच वाचतो. पण तो उलटून वाचून पाहा. कायद्याचं इंग्रजी जाणणारा, अर्ज लिहून देणारा, वरिष्ठांच्या खोलीत ये-जा असलेला कैदी हातात नसेल, तर कार्यालयाचा गाडा अडतो. म्हणजे कुलपाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे. याच तिहारमधून 16 मार्च 1986 रोजी शोभराजने वाढदिवसाच्या नावाखाली गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि तो पळून गेला. आपल्याला पळणारा आठवतो. मला प्रश्न पडतो तो मिठाई घेणाऱ्या हाताचा. कैद्याने दिलेला पदार्थ पहारेकऱ्याने तोंडात घातला, तो त्या एका दिवशीच्या बेसावधपणामुळे? त्यामागे वर्षानुवर्षांची देवघेव असणार: एक बिडी, एक निरोप, एक जास्तीची भेट, एक न पाहिल्यासारखं केलेलं काम. मिठाई हा त्या वहीतला शेवटचा आकडा होता. पुस्तक आकडा सांगतं, वही उघडत नाही.

जानेवारी 2025 मध्ये याच पुस्तकावरून विक्रमादित्य मोटवाने आणि सत्यांशु सिंग यांनी सात भागांची मालिका केली. काही बाबतींत ती पुस्तकाच्या पुढे जाते. झहान कपूरने साकारलेला तरुण गुप्ता अंगाने किरकोळ आहे, दारू पीत नाही, शिवी देत नाही. नोकरीत टिकायचं तर शिवी शिकावी लागणार, हा मालिकेचा सर्वात चांगला धागा. आवाज कुठून काढायचा, उभं कसं राहायचं, कोणाच्या नजरेला नजर द्यायची आणि कोणाच्या नाही, हे पहारेकऱ्याचं खरं शिक्षण अंगातून चालतं, आणि कॅमेऱ्याला अंग दिसतं. त्याच्यासोबत रुजू झालेले हरियाणवी आणि शीख सहकारी, राहुल भटने केलेला मुरलेला वरिष्ठ, क्वार्टरमधलं घर, लग्न जुळण्यातल्या अडचणी, हे सगळं पुस्तकापेक्षा जास्त भरीव आहे. पण प्रत्येक भागाला शेवटी काहीतरी घडवायचं असतं. त्यामुळे टोळ्या भिडतात, फाशी होते, शोभराज हसतो. काही न घडणारे दिवस मालिकेला परवडत नाहीत.

आणखी एक गोष्ट पुस्तकालाही लागू आहे आणि मालिकेलाही. बोलतो तो अधिकारी आहे. कायदा शिकलेला, पुढे तुरुंगाचा प्रवक्ता झालेला. बराकीच्या दारात प्रत्यक्ष उभा असलेला वॉर्डर इथेही पार्श्वभूमीलाच आहे. ज्याच्या हाती पेन आहे त्याच्या हाती काठी बहुतेक वेळा नसते.

*

काही न घडणारा दिवस खरोखर लिहून दाखवणारं पुस्तक मला सापडलं ते अमेरिकेतलं. टेड कॉनोव्हर या पत्रकाराला न्यू यॉर्क राज्याच्या तुरुंगांतल्या पहारेकऱ्यांवर लिहायचं होतं. प्रशिक्षणार्थ्यांसोबत राहू द्या, अशी परवानगी त्याने तुरुंग खात्याकडे मागितली. ती नाकारली गेली. मग त्याने सरळ नोकरीसाठीच अर्ज केला. 1997 मध्ये ऑल्बनीला सात आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन तो सिंग सिंगमध्ये रुजू झाला आणि जवळपास वर्षभर त्याने तिथे नोकरी केली. 2000 साली 'न्यूजॅक : गार्डिंग सिंग सिंग' प्रसिद्ध झालं. न्यूजॅक म्हणजे तिथल्या बोलीत नवशिका पहारेकरी. पुस्तकाला अमेरिकेतल्या समीक्षकांच्या राष्ट्रीय मंडळाचा पुरस्कार मिळाला. न्यू यॉर्कच्या तुरुंगांत मात्र त्यावर आधी बंदी आली, आणि नंतर सुरक्षेसंबंधीची काही पानं काढून टाकूनच ते कैद्यांना मिळू लागलं.

सिंग सिंग हडसन नदीच्या काठावर आहे. 1820 च्या दशकात तो कैद्यांकडूनच बांधून घेतला गेला. त्याच्या प्रचंड इमारतींत मजल्यांवर मजले आणि प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी. एका गॅलरीत साठाहून जास्त कोठड्या, आणि त्यांच्यासाठी बहुधा एकच पहारेकरी. कॉनोव्हर आपल्याला या गॅलरीतून चालवत नेतो. एकाला फोन करायचा आहे, दुसऱ्याची अंघोळीची वेळ चुकली, तिसऱ्याला शौचाचा कागद हवा, चौथा म्हणतो मला दवाखान्याचा बोलावा होता, पाचवा कोठडीत परत जायला तयार नाही. प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचं. नियमांची जाडजूड पुस्तिका आहे, पण ती अक्षरशः पाळली तर गॅलरी दुपारपर्यंत ठप्प होईल, आणि पाळली नाही तर संध्याकाळपर्यंत हातातून जाईल. गजांना चादर बांधून आडोसा करायला मनाई आहे. कालचा पहारेकरी तिकडे काणाडोळा करत होता. आज काढायला लावायची का? लावली तर तो कैदी उद्या दुसऱ्या कशात तरी अडवेल. नाही लावली तर शेजारचे दहा जण बांधतील.

पुस्तकाचा मोठेपणा या चादरीत आहे. पहारेकऱ्याची सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काठी येते. कॉनोव्हर दाखवतो की ती सत्ता दिवसातून शंभर वेळा 'आत्ता नाही' म्हणण्यात असते, आणि तेवढीच कधीतरी 'जा, पण लवकर ये' म्हणण्यात. कोणाला नाही म्हणायचं हे ठरवताना दिवस संपतो. पाय दुखतात, आवाज बसतो, आणि आपण आज न्यायाने वागलो का याचा हिशेब लागत नाही. खिशातल्या छोट्या वहीत तो टिपणं करायचा. पहारेकऱ्यांना वही ठेवावीच लागते, म्हणून त्याचा कोणाला संशय आला नाही. पत्रकाराची टिपणं आणि ड्युटीची टिपणं एकाच वहीत. या पुस्तकाच्या गद्याला जो कोरडेपणा आहे, तो मला या वहीतून आलेला वाटतो.

हळूहळू तो माणूस बदलतो, आणि हे तो स्वतःबद्दलच लिहितो. सुरुवातीला प्रत्येक कैद्याचं ऐकून घेणारा कॉनोव्हर काही महिन्यांनी ऐकण्याआधीच नाही म्हणू लागतो. घरी लहान मुलावरचा आवाज चढतो. दिवसभरातलं बायकोला सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. फक्त अंगात काहीतरी साचलेलं असतं. हे वाचताना मला माझ्या काकांचं ते "काही नाही रे" पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. कॉनोव्हर केव्हाही राजीनामा देऊ शकत होता आणि त्याने तो दिला. त्याच्यासोबतच्या प्रशिक्षणार्थ्यांना ती नोकरी हवी होती, कारण त्यांच्या गावांकडचे कारखाने आणि शेती यांच्यावर भागत नव्हतं. वर्षभराने सुटका होणार हे माहीत असलेल्याचा थकवा आणि पंचवीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्याचा थकवा एकच नव्हे. दुसरं, आपण लेखक आहोत हे त्याने ना सहकाऱ्यांना सांगितलं, ना कैद्यांना. खात्याला फसवणं मी समजू शकतो. खात्याने दार बंद केलं होतं. पण ज्या कैद्याने विश्वासाने काही सांगितलं, त्याला आपण छापले जाणार आहोत हे ठाऊक नव्हतं. जिथे खाजगी असं काहीच उरत नाही, तिथे आणखी एकाने न विचारता आत डोकावलं. आणि तिसरं, कॉनोव्हरलाही मोह आवरला नाही. पुस्तकाच्या मध्यावर एक मोठं प्रकरण सिंग सिंगच्या इतिहासावर आणि त्याच्या विजेच्या खुर्चीवर आहे. या खुर्चीने 614 जणांचा जीव घेतला. प्रकरण माहितीपूर्ण आहे, पण तिथे गॅलरीवरचा माणूस गायब होतो आणि ग्रंथालयातला लेखक बोलू लागतो. म्हणजे मृत्युदंडाने इथेही दिवसाला झाकलंच.

तरी या सगळ्या वाचनात मला पहारेकऱ्याच्या सर्वांत जवळ नेणारं पुस्तक हेच, कारण त्यात कोणाला माफी दिलेली नाही आणि कोणाला राक्षसही केलेलं नाही. चांगलं वागायची इच्छा असलेला माणूस त्या जागी उभा केला, की त्याचं काय होतं, एवढंच ते दाखवतं.

*

हे एवढं महत्त्वाचं का? जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात एका बंदी स्त्रीचा मृत्यू झाला. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला वॉर्डर नेमलं होतं, म्हणजे सावरकरांच्या काळातला तो पट्टा शतकानंतर तिच्याकडे होता. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार सकाळच्या शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून तिला मारहाण झाली, आणि त्यात ती गेली. सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्या काळात वर्तमानपत्रांतून अमानुषपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण अंडी आणि पावांपाशी फारसं कोणी थांबलं नाही. मला तो आकडा विसरता येत नाही. एक गिनती जुळली नाही. जिने मोजायचं ती स्वतः कैदी. जुळली नाही तर जाब विचारणाऱ्या वर्दीतल्या. त्यांना वरून विचारणारे आणखी कोणी. ही साखळी रोजची आहे आणि बहुतेक सकाळी ती शांतपणे चालते. एका सकाळी ती माणूस मारते.

त्या सकाळी काय झालं हे न्यायालय ठरवेल. पण आदल्या दिवशीची, आदल्या महिन्याची, काहीच न घडलेली सकाळ कशी असते, हे सांगणं न्यायालयाचं काम नाही. ते साहित्याचं आहे. शिधा कमी भरला की नेहमी काय होत असे? कोण ओरडायचं, कोण गप्प बसायचं, कोण आपल्या वाट्यातला पाव सरकवून हिशेब जुळवायचं? पहिली चापट कधी बसली, आणि ती पाहून कोण काही बोललं नाही? हे माहीत नसेल तर आपण प्रत्येक वेळी एखाद्या नव्या बारीला शोधून काढू, त्याच्यावर संतापू, आणि पुढच्या गिनतीपर्यंत विसरून जाऊ. किंवा एखाद्या आदिनाथाची वाट पाहत बसू.

मराठीत पोलीस अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं चिक्कार आहेत. शिक्षकांची, डॉक्टरांची, एसटी कंडक्टरांची कहाणी आपण वाचली आहे. कारागृह शिपायाचं पुस्तक मात्र मला हवं आहे तसं अजून मिळालेलं नाही. त्यात फाशी नसली तरी चालेल, मोठ्या गुन्हेगाराचं नाव नसलं तरी चालेल. पहाटे टाळं उघडताना हाताला लागणारा लोखंडाचा गारवा असावा. मुलाखतीच्या खिडकीशी वेळ संपली म्हणून रडणाऱ्या आईला उठवताना वापरलेले शब्द असावेत. कोणाला नाही म्हटलं, कोणाला हो, आणि का, हे असावं. कोणाला मारलं असेल तर तेही असावं, कारणं न देता. संध्याकाळच्या गिनतीत एक कमी आला आणि तो संडासात झोपलेला सापडला, एवढीच जर त्यात मोठी घटना असेल, तरी मी ते पुस्तक एका बैठकीत वाचीन.